टायरमधली हवा मी भरली होती

हे लिहू नका, असं मला तिघांनी सांगितलं आहे: बायकोने, जुन्या ऑफिसच्या ग्रुपवरच्या एका मित्राने आणि मुलीने. मुलगी शारजात वाढलेली. ती म्हणाली, "बाबा, लेट इट गो. नोबडी रिमेम्बर्स." तिचं चुकतंय. सगळ्यांच्या लक्षात आहे, फक्त खोटं लक्षात आहे. ते मीच त्यांच्या डोक्यात घातलं, तेव्हा बाहेरही मीच काढणार. सत्तरी आली. आता कुणाची परवानगी मागत बसायचं वय राहिलेलं नाही.

२००८ साली मंदी आली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. दुबईतल्या क्रेन जागच्या जागी थांबल्या होत्या. आमच्या बांधकाम कंपनीत एस्टिमेशनच्या टेबलांवर आम्ही दोघे मराठी होतो. मी डोंबिवलीचा, तो पुण्याचा. शारजातल्या अल नहदात एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो, एक आठवडा त्याची गाडी, एक आठवडा माझी. रोज सकाळी दुबईच्या वाटेवर दीड-दोन तास ट्रॅफिकमध्ये बसून आम्ही एकमेकांची गावं धुऊन काढायचो. त्याच्यापेक्षा जवळचा मित्र मला या देशात मिळाला नाही.

आमचा बॉस कॅनडाचा. त्याच्याकडे जाड टायरच्या दोन सायकली होत्या, घरच्या सामानाबरोबर कंटेनरमधून आणलेल्या. त्याच्या गावी हिवाळ्यात बर्फातल्या पायवाटांवर त्यांच्या शर्यती व्हायच्या म्हणे. तो म्हणायचा, वाळू म्हणजे न वितळणारा बर्फ. ऑफिसात सगळे कपातीच्या लिस्टची वाट बघत बसले असताना त्याने जाहीर केलं, दर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, वाळवंटात शर्यत. एका वेळी दोघांनी सायकली पळवायच्या, हरेल तो बाद. लोक म्हणाले, नोकऱ्या जातायत आणि यांना सायकली सुचतायत. मला तेच आवडलं होतं. घरात बसून घाबरायचं सोडून आम्ही पन्नाशीतले लोक वाळूचे डोंगर चढत होतो, पडत होतो, तोंडातली वाळू थुंकून परत चढत होतो. त्या भागाची मला आजही लाज वाटत नाही.

या सायकलींची सगळी गंमत हवेत आहे. टायर मऊ लागतं, अंगठा दाबला की आत गेला पाहिजे. मग ते वाळूवर पसरतं आणि तरंगत जातं. हवा जास्त झाली की चाक रुततं. पहिल्याच शुक्रवारी बॉसने हे समजावून सांगितलं, पण त्या दिवशी माझा मित्र आला नव्हता, त्याच्या घरी पाहुणे होते. पुढे प्रत्येक वेळी हवा बॉसच बघायचा, त्यामुळे माझ्या मित्रावर कधी विचारायची वेळच आली नाही.

फायनलला आम्ही दोघेच उरलो. बॉस पलीकडे, शर्यत जिथे संपायची त्या शेवटच्या टेकडीखालच्या गाफच्या झाडाशी जाऊन उभा राहिला. जाताना मला म्हणाला, दोन्ही सायकलींची हवा बघून घे. माझ्या डोक्यात तेव्हा एकच किडा होता: एस्टिमेशनमध्ये एकच माणूस ठेवणार, आणि बॉसच्या लक्षात राहील तो टिकेल. वेडेपणा होता. पण त्या हिवाळ्यात शहाणी माणसंही बोटात खडे घालून फिरत होती. मी माझं टायर मऊ ठेवलं. त्याच्या टायरमध्ये पंप मारत राहिलो, दगडासारखं होईपर्यंत.

"हवा ठीक आहे ना रे?" त्याने विचारलं.

"टाइट केली आहे. तुझ्या पुण्याच्या सायकलसारखी."

तो खूश झाला. म्हणाला, "डोंबिवलीकराला सायकल कळायला लागली म्हणायची."

तरीही शेवटच्या टेकडीपर्यंत तो माझ्या बरोबरीने होता. त्या टायरवर. पायात किती जोर असेल त्याच्या. उतारावर त्याचं पुढचं चाक रुतलं आणि तो हँडलवरून खाली गेला. मी बघितलं आणि पुढे गेलो. झाडाला हात लावून मगच मागे वळलो. त्याचं खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. बॉसने त्याच्या टायरवर अंगठा दाबला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मी त्याला हवा काढायला सांगितलं होतं. त्याने ऐकलं नाही."

पुणेकर आहे म्हटल्यावर सगळ्यांना लगेच पटलं. "हवा मी भरली नव्हती, मला कुणी काही सांगितलंच नव्हतं," असं तो म्हणत राहिला, तसतसे लोक जास्तच हसले. पुणेकर चूक कबूल करेल का, म्हणाले. पुढे त्याने त्यावर बोलणंच सोडलं. लिस्ट आली तेव्हा तो रजेवर होता, त्याचं नाव आधी गेलं. बॉसलाही त्याच महिन्यात काढलं. मी टिकलो. तो पुण्याला परत गेला, आणि त्याचा किस्सा मात्र इथेच राहिला. दर संक्रांतीला आम्ही जुने लोक जमतो तेव्हा कुणीतरी तो सांगतंच. मीही हसायचो.

यंदा तो आणि वहिनी मुलाकडे दुबईला आले होते, म्हणून संक्रांतीला अल नहदातल्या एका घरी आले. तिळगूळ वाटून झाल्यावर यजमानांनी किस्सा सुरू केला. तोही सगळ्यांबरोबर हसायला लागला. ते हसू मला बघवलं नाही. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, पंपापासून झाडापर्यंत.

कुणीतरी म्हणालं, जाऊ दे, सणाच्या दिवशी कशाला. मी म्हणालो, खोटं सणाच्या दिवशी चालतं, मग खरंही चालेल.

त्याने हातातली तिळगुळाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "मला कशाला सांगतोस? मला माहीतच होतं. ज्यांना खोटं सांगितलंस, त्यांना सांग."

वहिनी उठल्या, पर्स घेतली. "भावोजी, लोक यांना हसत होते, त्याचं मला एवढं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यांच्यात बसून हसलात." जेवायला न थांबता दोघे गेले. त्याने माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. त्याने बघावं अशी अपेक्षा करण्याचा मला अधिकारही नाही.

त्या दिवशी दुपारीच मी हे सगळं ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं. त्यात आज चार देशांत पांगलेली माणसं आहेत. ॲडमिनचा फोन आला, वातावरण बिघडतंय, डिलीट कर. मी नाही म्हणालो. मग त्याने मलाच ग्रुपमधून काढलं. म्हणून हे इथे छापायला देतो आहे. इथून ते कुणाला डिलीट करता येणार नाही.