टाका पासवर्ड, मी बघत न्हाय

"टाका पासवर्ड, मी बघत न्हाय," असं म्हणून ती चक्क भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. नुसती मान वळवणं नाही, अख्खी पाठ फिरवायची. हातात स्क्रू-ड्रायव्हर, खांद्याला काळी सॅक आणि समोर आमच्या ऑफिसातलं गेल्या वर्षीचं कॅलेंडर. आपलं टाइप करून होईपर्यंत ती त्या कॅलेंडरवरचे लग्नाचे मुहूर्त वाचत राहायची. "झालं?" "झालं." मग वळायची.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा आम्ही हसलो. खोटं कशाला सांगू, सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो. आमच्यात पासवर्ड म्हणजे काही गुपित नव्हतं. माझा पासवर्ड म्हणजे बायकोचं नाव, आणि ते चहावाल्यालासुद्धा ठाऊक होतं. मी तिला तोंडानंच सांगायला लागलो, तर तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"आवो काका, मला कशाला सांगताय? काकूंचं नाव हाका मारायला ठेवा. दुसरं कायतरी काढा, आन् मला सांगू नगा."

आमचा कारखाना कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत. लोखंडाचे सुटे भाग ओतायचं काम. बाहेर भट्टी, आत माझ्यासकट आठ माणसं आणि आठ कॉम्प्युटर, त्यातले दोन कायम आजारी. ऑफिस मी सांभाळायचो, बावीस वर्षं. ही बाई मूळची कोडोलीची, राहायला कळंब्याला. पस्तिशीची असेल. तिचा कॉम्प्युटर दुरुस्तीचा धंदा म्हणजे एक गाळा, एक टेबल आणि एक स्कूटर. एमआयडीसीतले चौदा कारखाने तिच्याकडे होते. कुठं काही बंद पडलं की तासाभरात स्कूटर गेटवर हजर. बोलणं आमच्याकडच्या बायकांचं असतं तसं पुरुषी, "येतो", "करतो", "बघतो". आवाज असा की भट्टीजवळ उभी राहून बोलली तरी आत ऐकू यावं.

ती पहिल्यांदा आली तेव्हा थोरले मालक होते. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "इंजिनिअर कवा येणार?"

"आलाय की," ती म्हणाली. "वाईच पाणी मिळंल का?"

पाणी प्यायली, टेबलाखाली शिरली, दहा मिनिटांनी बाहेर आली तेव्हा केसांत कोळ्याचं जाळं आणि कॉम्प्युटर चालू. थोरले मालक पुन्हा कधी तसं बोलले नाहीत. उलट आजूबाजूच्या कारखान्यांत तिचं नाव त्यांनीच सांगितलं, हेही खरं आहे.

खोटं बोललेलं तिला खपायचं नाही. एकदा आमच्या एका डिझायनरचा की-बोर्ड चालेना.

"काय सांडलं?"

"काही नाही."

"खाताना?"

"छे! इथं कोण खातंय?"

तिनं की-बोर्ड उचलला, टेबलावर उपडा केला आणि पाठीवर दोन थापा घातल्या. मूठभर चुरमुरे, शेंगदाणे आणि लसणाची तळलेली एक पाकळी बाहेर पडली. तिनं एक शेंगदाणा उचलून निरखला. "भडंग जयसिंगपूरचं दिसतंय. चव झकास असंल, पर हे मशीनला पचत न्हाय बगा." डिझायनर लाजून लाल झाला. त्या दिवसापासून तो भडंग खायला बाहेर पायरीवर बसायला लागला.

खंडेनवमीला आम्ही भट्टीची, लेथची पूजा करतो, तशी कॉम्प्युटरचीही करतो. एका वर्षी कुणीतरी भक्तीच्या भरात हळद-कुंकू मुठीनं उधळलं. दसऱ्याची सुट्टी संपवून आलो तर मशीन सुरूच होईना. तिनं झाकण उघडलं, आतला पंखा लालभडक. मला वाटलं, आता आपली खैर नाही. ती मांडी घालून बसली, ब्रशनं एकेक कण झाडला. "एक बोट लावायचं की वरनं. द्येव काय पंख्यात बसलाय व्हय?" म्हणाली. जाताना मात्र बंद झाकणावर हळदीचं एक बोट स्वतःच लावून गेली.

असो. गमतीचं पुष्कळ सांगता येईल, पण मी लिहायला बसलोय ते एका सोमवारासाठी.

थोरले मालक वारल्यावर त्यांचा मुलगा खुर्चीवर बसला. आम्ही त्यांना धाकटे मालक म्हणतो. आमचे दोन डिझायनर नोकरी सोडून शेजारच्या कारखान्यात गेले, आणि यांच्या डोक्यात बसलं की आपली ड्रॉइंग्ज बाहेर जातात. एक दिवस मला केबिनमध्ये बोलावलं.

"काका, सोमवारी सुट्टी आहे. त्या बाईंना बोलवा. सगळ्या कॉम्प्युटरमध्ये एक सॉफ्टवेअर घालायचंय. कोण काय टाइप करतो ते मला माझ्या मोबाइलवर दिसलं पाहिजे. आणि कुणाला कळता कामा नये."

मी "हो" म्हणालो. बावीस वर्षांत मी दुसरं काय म्हणालो होतो?

सोमवारी ती आली. धाकट्या मालकांचं सगळं तिनं उभ्यानं ऐकून घेतलं.

"बसवतो की," ती म्हणाली. "उद्या सकाळी बसवतो. सगळी आली की तुमी त्यास्नी सांगा, इथनं पुढं तुमचं लिवलेलं मला दिसणार हाय. मग त्यांच्या म्होरं बसवतो."

"सांगून काय उपयोग? सावध होतील सगळे."

"हू द्या की सावध. तुमची ड्रॉइंगं वाचली म्हंजे झालं न्हवं?"

उत्तर नसलं की मालक लोक आवाज चढवतात, हे तुम्हीही बघितलं असेल. "तुम्हाला सांगितलंय तेवढं करा," ते म्हणाले.

"मग हे मी न्हाय करत."

"माझ्या वडिलांमुळं तुम्ही इथं उभ्या राहिलात. मी चार फोन केले तर तुमची स्कूटर या रस्त्याला दिसणार नाही."

"करा की. चार कशाला, धा करा. लोकं मला त्यांच्या मशीनला हात लावू देत्यात ते भरवशावर. त्येंच्या माघारी हे असलं करून उद्या त्येंच्याच हातचा च्या पिऊ व्हय मी?"

तिनं सॅकमधून वही काढली. आमच्या आठही मशीनची माहिती लिहिलेली पानं होती, ती फाडून टेबलावर ठेवली. पुढं जो येईल त्याला अडचण नको, म्हणाली, आणि बाहेर पडली.

मी तिच्यामागं गेटपर्यंत धावत गेलो. शाबास म्हणायचं सोडून मी काय म्हणालो असेन? "करून टाकायचं की गं. कुणाला कळलं असतं?"

ती स्कूटरला किल्ली लावत होती. "तुमाला कळलं असतं की, काका," म्हणाली आणि निघून गेली.

फोन झाले. एकेक कारखाना तिच्या हातून सुटला. दिवाळीच्या आत तिनं गाळा बंद केला आणि जयसिंगपूरला एका शाळेतल्या कॉम्प्युटरचं काम धरलं. आमच्याकडे पुण्याहून दोघं जण आले आणि पुढच्याच सोमवारच्या सुट्टीत ते सॉफ्टवेअर बसवून गेले. मंगळवारी सगळे नेहमीसारखे येऊन बसले आणि टाइप करायला लागले. सगळं माहीत असून मी गप्प बसलो. एक नाही, दोन नाही, चार महिने. माझं तेवढं जपून लिहायचो, असा मी शहाणा! त्या चार महिन्यांची मला लाज वाटते.

एका दुपारी केबिनमध्ये कसलासा कागद घेऊन गेलो. समोर एक पाहुणे बसले होते. धाकटे मालक मोबाइलकडे बघून हसत होते. "काका, आपल्या डिस्पॅचच्या बाईंचं घरी काय चाललंय माहीत आहे का?"

डिस्पॅचच्या टेबलावर, म्हणजे माल पाठवायच्या कामावर, आमच्याकडे एक मुलगी होती. तीन वर्षं झाली होती, पण कुणाशी जादा बोलायची नाही. जेवणाच्या सुट्टीत टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून आपल्या बहिणीला लिहायची. सासरी तिला काय सोसावं लागतं ते ती त्या एका बहिणीलाच सांगत होती. नेमकं काय, ते मी इथं लिहिणार नाही. ते तिचं आहे. धाकट्या मालकांनी ते पाहुण्यांना वाचून दाखवलं, बायकी आवाज काढून. पाहुणेही हसले.

माझं डोकं सणकलं. हातातला कागद तिथंच टाकला, बाहेर आलो, ऑफिसच्या मधोमध उभा राहिलो आणि भट्टीवर ओरडतात तसा ओरडलो. "ऐका सगळे! आपण या कॉम्प्युटरवर जे काय लिहितो, ते साहेबांच्या मोबाइलवर दिसतं. एकूण एक अक्षर! चार महिने झाले. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि मी सांगितलं नाही. चुकलो मी!"

डिस्पॅचच्या मुलीनं केबिनच्या दाराकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं.

धाकटे मालक दारात येऊन उभे होते. "काका, उद्यापासून येऊ नका."

"उद्यापासून ना?" मी म्हणालो. "आज अजून आहे मी."

बावीस वर्षांत हे एवढं एकच वाक्य मी ताठ मानेनं बोललो. तसाच बाहेर पायरीवर गेलो आणि त्या स्कूटरवाल्या बाईला जयसिंगपूरला फोन लावला. मागं शाळेतल्या पोरांचा गलका ऐकू येत होता.

"सांगितलं बघ सगळ्यांना," मी म्हणालो. "त्यांच्या तोंडावर सांगितलं."

मला वाटलं होतं, ती खूश होईल.

"चार महिनं लागलं?" ती म्हणाली.

"लागले."

"कुणाचं वाचलं त्येनी?"

"डिस्पॅचच्या मुलीचं. अगं, तिनं बहिणीला लिहिलं होतं की..."

"काय लिवलं हुतं ते नगा सांगू. कुठं हाय ती आत्ता?"

"आत. टेबलाशीच बसलीय. रडतेय."

"तिच्याजवळ कोण हाय?"

मी खिडकीतून आत बघितलं. जो तो आपापल्या बंद स्क्रीनकडे बघत बसला होता. तिच्याजवळ कुणी नव्हतं.

"कुणी नाही."

"मग माझ्याशी काय बोलत बसलाय, काका?" ती केवढ्यानं तरी ओरडली. "ठेवा फोन! जावा आत!"

मी फोन ठेवला. आत गेलो, त्या मुलीच्या टेबलाशी खुर्ची ओढली आणि संध्याकाळी भोंगा होईपर्यंत तिथं बसून राहिलो.