चिमूटभर धूप

माझा आवाज बंद केला होता आणि मला ते कळलंच नव्हतं. मी बोलतच होते. स्क्रीनवर झूमचे चाळीसेक चौकोन. कुणी चहा पीत होतं, कुणाचा कॅमेरा छताकडे. आणि त्या सगळ्यांसमोर माझं तोंड नुसतं हलत होतं. माझा नवरा मिलिंद ओट्यापाशी उभा राहून हातवारे करत होता. बोट ओठांवर, मग कानावर. मला वाटलं, हळू बोल म्हणतोय. मी आणखी मोठ्याने बोलले.

मग इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष अविनाशदादा बोलले. त्यांचा आवाज अगदी स्वच्छ येत होता. "विषय रोमन साम्राज्य आहे. इथे आपण जातीपातीचं राजकारण आणत नाही. मंडळात सगळे समान आहेत." आणि लगेच, श्वासही न घेता, "ताईंनी फार छान माहिती दिली. टाळ्या होऊन जाऊ देत."

स्क्रीनवर इमोजीचे पिवळे हात टाळ्या वाजवायला लागले. मी अजून म्यूटच. लोक हसत हसत हात हलवून एकेक करून निघून गेले. मी टेबलाशी बसून राहिले.

हे सगळं कसं झालं ते सांगते.

साथीचं दुसरं वर्ष होतं. आम्ही फोरबर्ग नावाच्या डच गावात राहतो. मंडळाचे हॉल बंद, गणपती झूमवर, हळदीकुंकूही झूमवर. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, दर रविवारी दुपारी व्याख्यान ठेवू. मुग्धा मंडळाची सेक्रेटरी. हार्लेमला राहते, माझी मैत्रीण. म्हणजे तेव्हा मी तिला मैत्रीणच म्हणत होते. तिचा फोन आला, "तू हिस्टरीत एमए आहेस ना गं? मग दोन रविवार तुझे. काहीही बोल, फक्त बोअर नको."

मी रोम घेतलं. शेवटचं रोम. सम्राट एकमेकांना मारत होते आणि ख्रिस्ती लोक तळघरांतून, मागच्या खोल्यांतून वाढत होते, ते रोम. पहिल्या रविवारी त्यांचा छळ, दुसऱ्या रविवारी पुढे स्वतःच ख्रिस्ती झालेला सम्राट कॉन्स्टन्टाईन.

रोमच का? एमएला असताना मी रोमवर प्रबंधिका लिहायची म्हटलं, तेव्हा सरांनी चष्म्यावरून बघितलं होतं. म्हणाले, "तुला रोम कशाला? तुमच्या लोकांवर लिही. तुमच्याकडे भरपूर आहे की." तुमच्या लोकांवर. जगाचा इतिहास त्यांचा, माझ्या वाट्याला फक्त मी. मी हट्टाने रोम वाचलं. ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर शिकवताना वाचलं, लग्नानंतर इथे नवऱ्याच्या व्हिसावर, डिपेन्डन्ट म्हणून आले तेव्हाही वाचलं. इथे तर रोम पायाखालीच आहे. आमच्या घराजवळच्या पार्कच्या गवताखाली एक अख्खं रोमन गाव गाडलेलं आहे. वरून लोक कुत्री फिरवतात. बाकी सगळं बंद असताना मी रोज तिथे चालायला जायचे.

तर पहिला रविवार. मी सांगितलं की त्या काळी गादीवर बसणं म्हणजे विस्तवावर बसणं होतं. सैनिकच सम्राट बसवायचे, सैनिकच कापायचे. अशात डेसियस आला. नवा, घाबरलेला. घाबरलेल्या माणसाला सगळ्यांची निष्ठा मोजून घ्यायची असते. त्याने हुकूम काढला, प्रत्येकाने अधिकाऱ्यासमोर देवांना आहुती द्यायची. फार काही नाही. चिमूटभर धूप विस्तवावर टाका, घोटभर दारू ओता, घरी जा. तुमच्या मनात काय आहे ते कुणी विचारणार नव्हतं. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी टाकला धूप. काहींनी नाही टाकला. ते तुरुंगात गेले, काही मेले.

आणि त्याच सुमाराला साथ आली. लोक म्हणाले, ह्या देव न मानणाऱ्यांमुळेच आली. शहरातली मोठी माणसं गाड्या जुंपून पळाली. घरच्यांनी घरच्यांना रस्त्यावर टाकलं. आणि ज्यांच्या नावाने खडे फोडले जात होते त्यांच्यातलेच काही, गुलाम, विणकर, विधवा बायका, ते त्या टाकलेल्या माणसांजवळ गेले. हात लावला, पाणी पाजलं, अंग पुसलं. मेलेल्यांना उचललं. त्यातले बरेच स्वतःही मेले.

इथे अविनाशदादांनी माइक चालू केला. हसत होते. "एक मिनिट हं ताई. म्हणजे बघा, आपले पूर्वज किती शहाणे होते! सोवळं म्हणजे काय? सोशल डिस्टन्सिंगच की. शिवाशिव केली की काय होतं ते या लोकांनी मरून दाखवलं."

चौकोनांत हसू पसरलं. कुणीतरी अंगठा टाकला. दोघातिघांनी टाळ्या.

हा जोक माझ्या फोनवर वर्षभर येत होता. फॉरवर्ड होऊन, फुलांच्या चित्रासकट. मी पुसून टाकायचे. पण आता तो माझ्या तोंडावर आला होता, माझ्याच व्याख्यानात, मी सांगितलेल्या मेलेल्या माणसांवर पाय देऊन. मी बोलायला लागले. "दादा, सोवळं रोगापासून नव्हतं, जातीपासून होतं." ह्या पहिल्याच वाक्यानंतर माझा आवाज बंद केला गेला.

संध्याकाळी मुग्धाचा फोन आला.

"अगं, तू वाईट वाटून घेऊ नकोस. पण ते थोडं अनकम्फर्टेबल झालं ना सगळ्यांना."

"म्यूट कोणी केलं?"

"मीच. होस्ट मी होते ना. दादांचा मेसेज आला, म्यूट हर. मी काय करणार?"

ह्या मुग्धाचे वडील एप्रिलमध्ये पुण्यात कोरोनाने वारले. विमानं मिळत नव्हती. तिने अंत्यसंस्कार फोनवर पाहिला. हार्लेमच्या घरात बसून, आणि दुसऱ्या फोनवर मी. स्मशानातल्या एका कर्मचाऱ्याने, किटच्या आत घामाने भिजलेल्या, फोन नीट धरून तिला वडिलांचं तोंड दाखवलं. मग त्यानेच अग्नी दिला. नातेवाईक फाटकाबाहेर होते. मुग्धा रडत म्हणाली होती, "तो माणूस देवासारखा आला गं." मला तेव्हा गावाकडे हेच काम करणारा माझा भाऊ दिसत होता. मी काही बोलले नव्हते, तिचं दुःख तिचं होतं.

आता ती मला समजावत होती. "हे बघ, मंडळाच्या ग्रुपवर एक ओळ टाक. कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर क्षमस्व. बस. पुढचा रविवार तुझाच. दादा तसे मनाने चांगले आहेत. आणि तुला खरंच तसं वाटलं पाहिजे असं कुठंय? इट्स जस्ट अ लाइन."

मी फोन ठेवला. मिलिंद बाजूलाच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"एक ओळच आहे ना," तो म्हणाला.

हे मला जास्त लागलं. मिलिंद कुणी परका नाही. त्याच्या आजोबांनी नि माझ्या आजोबांनी एकाच मैदानात उभं राहून धर्म बदललेला. त्याला मी काय सांगायचं?

पण त्याची भीतीही खरी होती. अविनाशदादा मिलिंदच्या कंपनीत डिलिव्हरी हेड, म्हणजे त्याचे वरचे साहेब. मिलिंदचं कॉन्ट्रॅक्ट उन्हाळ्यात संपणार होतं, आणि आमचं इथे राहायचं परमिट त्या कॉन्ट्रॅक्टवर टेकलेलं. कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं की नाही, ते दादांच्या टेबलावरून जाणार होतं.

"ही चिमूटभर धुपाची गोष्ट आहे मिलिंद. दुपारीच सांगितली मी. तू ऐकलीस."

"तू रोममध्ये नाहीस," तो चिडून म्हणाला. "तू फोरबर्गला भाड्याच्या घरात आहेस. बाहेर कोरोना आहे. कॉन्ट्रॅक्ट गेलं तर कुठे जायचं सांग."

मी जॅकेट घालून पार्कात गेले. वारा होता. एक म्हातारा मला बघून पायवाट सोडून गवतात सरकला, दीड मीटर. हसून हात केला. त्याचं सरकणं मला लागलं नाही. तो माझ्या श्वासाला घाबरत होता, जसा मी त्याच्या. हे संपलं की तो पुन्हा पायवाटेवर येईल. मला आजीची आठवण झाली. तिच्यापासून सरकलेले लोक कधीच पायवाटेवर आले नाहीत. ती साथ कुठली होती?

बाकावर बसून मी फोन काढला. आधी ती ओळच लिहून पाहिली. कुणाच्या भावना. खरंच छोटी ओळ होती. अंगठ्याने लिहिली, वाचली. ही ओळ पाठवली की मी पुढच्या रविवारी छान बोलेन, दादा वाहवा म्हणतील, मिलिंदचं काम होईल. आणि मग आयुष्यभर मी कुठेही तोंड उघडलं की लोकांना माहीत असेल, हिला एक ओळ मागितली की देते. ती ओळ पुसली आणि हे लिहिलं:

"आज दुपारी मी जे बोलले ते तुम्हाला ऐकू दिलं गेलं नाही, म्हणून लिहिते. माझी आजी आजारी नव्हती. तरी तिच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे. माझा भाऊ प्रकाश गावाकडे नगरपालिकेत रोजंदारीवर आहे. ह्या लाटेत तो प्रेतं जाळतो. ज्या घरांत त्याला आत बोलावत नाहीत, त्या घरांतलीच. एकांनी त्याला शाल दिली, ती फाटकाच्या गजावर टाकून गेले. सोवळं रोगाचं नव्हतं, माणसाचं होतं. मी क्षमा मागण्यासारखं काही बोललेले नाही. दुसरा भाग मी बोलणार आहे."

मेसेज पाठवला.

आधी एकाने नमस्काराचे हात टाकले. कुणी लिहिलं, "हा ग्रुप सणवारासाठी आहे." कुणी विचारलं, "ताई, तुम्ही मिशनरी झालात का?" मला हसूच आलं. मी बुद्धाची. आणि दुसऱ्या भागात मी सांगणार होते की कॉन्स्टन्टाईन आला, सम्राटच ख्रिस्ती झाला, बिशप लोक त्याच्या पंगतीला बसले, आणि गुलाम गुलामच राहिले. राजा घरात आला की घरातली माणसं दाराशी सरकतात. हे त्यांना आवडलंही असतं कदाचित. पण ऐकणार कोण? थोड्या वेळाने ग्रुपवर लिहायची जागाच बंद झाली. मला काढून टाकलं होतं.

घरी आले. मिलिंदने सगळं वाचलं होतं. तो म्हणाला, "मी ग्रुपमध्ये राहतो. आतलं कळायला कुणीतरी हवं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुग्धाचा मेसेज. फक्त मला. "मी आतून तुझ्याबरोबर आहे. बाबांच्या वेळचं विसरले नाही. पण माझी पोझिशन समजून घे."

आतून.

डेसियस लढाईत मेला, हुकूम थंड पडला, तेव्हा धूप टाकलेले ख्रिस्ती परत आपल्या लोकांच्या दाराशी आले. म्हणाले, आम्ही आतून तुमचेच होतो, हाताने फक्त चिमूट टाकली. त्यांना घ्यायचं की नाही यावर पुढे खूप भांडणं झाली. हे वाचताना मला नेहमी वाटायचं, घ्या की आत, घाबरले बिचारे. तुरुंगातून सुटून आलेले इतके कडू का, ते कळायचं नाही. आता कळतं. मला कुणी सिंहापुढे टाकलेलं नाही, मी काही हुतात्मा नाही. एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलंय एवढंच. पण कडू तर कडूच.

मुग्धाला मी उत्तर दिलं. "तुझ्या बाबांना ज्याने अग्नी दिला, तो आतून नव्हता आला. हात घेऊन आला होता. मला आतून कुणी नको." दोन निळ्या खुणा आल्या.

मिलिंदला म्हटलं, "तुला राहायचं तर राहा आत. पण माझ्या वतीने नाही. माझ्या वतीने मी बोलेन." तो भाजी चिरत राहिला. त्या दिवसापासून आमच्यात ते एक वाक्य उभं आहे, आणि मी ते मागे घेतलेलं नाही.

येत्या रविवारी दुपारी, त्याच वेळेला, मी पार्कात उभी राहून दुसरा भाग बोलणार आहे. नियमाने चारच माणसं चालतात. चार आली तर चार. कुणी नाही आलं तर कुत्री फिरवणारे आहेत, त्यांना मराठी कळत नाही, चालेल. सुरुवातीला मी माझं आडनाव सांगणार, गाव सांगणार, वस्ती सांगणार. मग कॉन्स्टन्टाईन.

कॉन्ट्रॅक्टचं अजून काही कळलेलं नाही. भीती मलाही वाटते. परत जावं लागलं तर बॅगा भरू आणि जाऊ, प्रकाशच्या दोन खोल्यांत राहू. पण ती ओळ माझ्या हातून लिहून होणार नाही. कुणी खुर्चीवरून दरडावून मागितली तरी नाही. कुणी मैत्रीण होऊन मागितली तरी नाही. माझ्या घरातल्या माणसाने मागितली तरी नाही.