उंबरानं दावलेला डबा

बायांनो, पाय लई दुखून राहिले, पन सांगितल्याबिगर चैन न्हाई.

आज नातीसंगं लोह्याकडच्या जुन्या गढीच्या रानात गेले. फोनात खूण बघून कुनी लपवलेला डबा हुडकायचा खेळ हाय.

"आजी, चढ अवघड हाय, तू खालीच बस."

"बसायला घरी बाज हाय की!"

फोन म्हने, डबा जुन्या विहिरीपाशी. विहीर कुठंच दिसंना, पोरगी रडकुंडीला आली. मला उंबर दिसला. उंबरापाशी पानी असतंय म्हनून झुडपं सारली, तर दोरानं खाचा पडलेला काठ! दगडामागं डबा.

आत वही, ज्याला डबा घावला त्यानं आपलं नाव लिवायची. आजवर माजं नाव दुसऱ्यांनीच लिवलं. आज मी लिवलं, नातीच्या नावाच्या वर.

तुमी तुमचं नाव कुठं लिवलं?