गुडघाभर समुद्र

मी समुद्रात जीव द्यायला निघालो आहे, ही गोष्ट आमच्या घरात मला सोडून सगळ्यांना माहीत होती.

मला पाहिजे होती फक्त दोन दिवसांची शांतता. भोकरदनला माझं मंडप आणि लाऊडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान आहे. लोकांच्या लग्नांना आयुष्यभर आवाज पुरवला, पण गेल्या पावसाळ्यात माझी बायको सुमन गेली आणि मला आवाजच सोसेना. (गिऱ्हाईक आलं की मीच म्हणायचो, "एवढे मोठे बॉक्स कशाला? लहान न्या." असं दुकान किती दिवस चालणार!) घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ. जो तो मला सुमनच्या आठवणी सांगायचा, जणू मी त्या बाईला कधी भेटलोच नव्हतो! मी सगळ्यांना चहा द्यायचो. रडलो मात्र एकदाही नाही. माणसं आहेत, मोकळीक नाही, म्हणून रडू येत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

अशात कुणाच्या तरी मोबाइलवर समुद्रकाठच्या एका भारी हॉटेलचा फोटो पाहिला. पांढरी खुर्ची, पुढं निळं पाणी, आणि माणूस एकही नाही. ठरलं!

माझी मुलगी मनीषा संभाजीनगरला असते. ती रविवारी आली तेव्हा म्हटलं, "मला असं एक हॉटेल शोधून दे."

"अगं बाई, बाबा फिरायला जाणार!" तिला केवढा आनंद झाला. "कसं पाहिजे?"

"शांत. पाण्याच्या अगदी जवळ. माणसं कमी."

"आणि कितीजणांसाठी?"

"एकट्यासाठी."

तिचा आनंद जरा कमी झाला. "परतीची गाडी कोणती बघू?"

"ते राहू दे. नंतर बघता येईल."

आता यात मी काय वावगं बोललो? पण पोरगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

हॉटेल निवडणंही सोपं नव्हतं. पहिल्या हॉटेलात संध्याकाळी डीजे. (तो ऐकायला कोकणात कशाला? माझ्या गोदामात दोन पडलेत!) दुसऱ्यात लहान मुलांचा तलाव. तिसरं पसंत पडलं, म्हणून मी स्वतःच फोन लावला. कानाला नीट ऐकू येत नाही, म्हणून स्पीकर चालू. समोर माझी थोरली बहीण आक्का भेंडी चिरत बसलेली. सुमन गेल्यापासून ती हसनाबादहून आठवड्याला एक चक्कर मारते.

"सर, आमच्याकडे पूर्ण एकांत मिळेल," पलीकडची मुलगी कुजबुजली. "दोन दिवस कुणी तुमचं दारसुद्धा वाजवणार नाही."

"कुणीच न्हाई?"

"कुणीच नाही, सर."

"वा! आन् पाणी किती खोल हे?"

"सर, थोडं आत गेलं की लगेच खोल होतं."

"बरं, बरं," मी म्हणालो. (मला पोहता येत नाही हो! भीतीपोटी विचारलं!)

आक्काची विळी थांबली. "रामा, मी बी येते."

"आक्का, मला जरा शांत बसायचंय."

"मंग तिकडं काऊन जातो? घरात काय शांतता कमी हे का?"

घरात शांतता भरपूर होती, पण ती सुमनची होती. सकाळी उठलं की स्वयंपाकघरात ती शांतता बसलेलीच असायची. मला दुसरी पाहिजे होती, विकतची, जिच्यात कुणी गेलेलं नाही अशी. पण हे आक्काला भेंडी चिरता चिरता कसं सांगणार? मी गप्प बसलो, आणि माझ्या गप्प बसण्यानं तिची खात्रीच पटली.

त्यात निघायच्या दिवशी मी दुकानाची चावी मनीषाच्या हातात देऊन म्हणालो, "आता तूच सांभाळ गं सगळं." दोन दिवसांपुरतं म्हणालो होतो! पोरीनं चावी शेजाऱ्याकडं टाकली आणि स्वतःची पिशवी भरली. तेवढ्यात वडीगोद्रीहून सुमनचा धाकटा भाऊ बबन जीप घेऊन दारात हजर. "दाजी, म्या बी समुद्र पाह्यला न्हाई," तो म्हणाला, आणि माझ्याकडं न बघता पान्ह्यानं चाकाचे नट आवळत बसला. ते आधीच आवळलेले होते.

अशा रीतीनं एकटा माणूस चौघांनी निघाला.

हॉटेल खरोखर शांत होतं. नोकर कुजबुजत बोलायचे, लिफ्ट कुजबुजत चालायची. आणि आमची आक्का! जन्म शेतात गेलेला, तिची हाक बांधापलीकडं जाते. "हितं कोणी मेलंय का रे?" तिनं दारातच विचारलं आणि सगळं हॉटेल वळून बघायला लागलं.

मला समुद्रासमोरची खोली मिळायची होती, मिळाली बागेसमोरची. "आपल्यासाठी खास बदल, सर," मॅनेजर हळूच म्हणाला आणि बबनकडं बघून मान हलवली. खोलीत आंघोळीचा भलामोठा टब होता, पण पाणी राहीना. बूच आक्काच्या बटव्यात! मी वाळूवर पाऊल टाकलं की लाल चड्डीतला जीवरक्षक माझ्यामागं चालायला लागायचा. मी थांबलो की तो थांबायचा आणि आकाशाकडं बघायचा.

"हा माझ्यामागं काऊन फिरून राह्यला?" मी बबनला विचारलं.

"तशी सेवा असती दाजी, भारी हॉटेलात."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून सगळ्यांचा डोळा लागला. जीवरक्षकही दिसेना. मी पाण्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. एक लाट आली आणि माझ्या पायातली एक चप्पल घेऊन निघाली. मी तिच्यामागं गेलो. ती जरा पुढं गेली, मीही पुढं गेलो. पाणी गुडघ्याला लागलं.

मागं शिट्टी वाजली, आणि लगेच आक्काची हाक, "रामाऽऽ! अरे माझ्या रामाऽऽ!" त्या हॉटेलच्या जन्मात एवढा आवाज झाला नसेल. सगळ्या गॅलऱ्या भरल्या. बबन विजार वर करत धावला, लाटेत आपटला आणि तोंडात पाणी घेऊन उठला. त्याला धरायला आक्का गेली ती पाण्यात बसलीच. जीवरक्षक माझ्यासाठी आला होता, पण त्यानं बाहेर काढलं आक्काला. मी चप्पल हातात धरून उभा!

"आक्का, चप्पल धरायला गेल्तो!"

"झूट बोलू नको! परतीचं तिकीट काऊन काढलं न्हाई मंग?"

"यष्टीचं कशाला आधी काढायचं? कधी बी मिळती!"

मनीषा पुढं आली. ती ओरडली नाही. माझ्या हाताला धरून म्हणाली, "बाबा, खरं सांगा."

मी 'नाही गं' म्हणणार होतो. तेच खरं होतं. पण तोंड उघडलं आणि शब्दांऐवजी भलतंच बाहेर आलं. मी रडायला लागलो. गुडघाभर पाण्यात, गॅलऱ्या भरलेल्या असताना, जनावर ओरडावं तसा. मनीषा मला बिलगली. ओली आक्का वाळूत बसून सुमनचं नाव घेऊन रडू लागली. आणि बबन तोंड फिरवून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. तो तिचा भाऊ होता. इतके महिने सगळे मला विचारत होते, कसा आहेस, आणि त्याला मीसुद्धा विचारलं नव्हतं. मी जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. "दाजी," तो म्हणाला, "तिनं लई सोसलं हो." एवढंच.

मॅनेजर चवड्यांवर चालत आला. "सर, प्लीज... बाकीचे पाहुणे..."

आक्कानं पदरानं नाक पुसलं. "जरा दम धर, लेकरा. आत्ता कुठं रडू फुटलंय त्याला."

तो बिचारा खरंच थांबला. मग कुणाला तरी सांगून आमच्यासाठी चहा आणवला. पांघरायला मोठाले टॉवेलही दिले.

आता बबन ही गोष्ट वडीगोद्रीपासून भोकरदनपर्यंत सांगत फिरतो. त्याच्या गोष्टीत पाणी चढत चाललंय. आधी कमरेला होतं, मग छातीला, परवा तर माझ्या डोक्यावरून गेलं. चपलेचा मात्र तो उल्लेखही करत नाही. मी म्हटलं, "अरे, चपलेचं बी सांग की."

"कसं सांगू दाजी? एका चपलेपायी घरच्या चौघांनी समुद्रात रडून घेतलं म्हणू?"

बरोबर आहे त्याचं. आणि मीही त्याला अजून सांगितलेलं नाही, की ती चप्पल माझी नव्हती. हॉटेलची होती. हरवली तर बिलात लावतील, या भीतीनं गेल्तो!