प्रसेनजीत मिस्त्री आणि दोन टर्बो गाड्या

प्रसेनजीत मिस्त्री लबाड हाय असं कोल्हापुरात आता जे बोलत्यात, ते साफ खोटं हाय. मी गुंडू. उद्यमनगरात लेथ चालवतो. त्याच्या गॅरेजची आणि माझ्या शेडची भिंत एक. मला म्हाईत नसंल तर कुणाला?

प्रसेनजीत कोडोलीचा गडी. बाप दुसऱ्याच्या रानात राबला, ह्यानं आयटीआय केला आणि टर्बो गाड्यांचं याड लावून घेतलं. कोल्हापुरातल्या दोन हौशी मालकांच्या तीस-तीस वर्षांच्या जपानी गाड्या त्याच्याच हाताखालच्या. धैर्यशीलरावांची चारी चाकांनी ओढणारी, अमरसिंहदादांची नुसत्या मागच्या चाकांवर पळणारी. दर रविवारी दोघांचं एकच तुणतुणं. हे म्हणायचे, "चारी चाकं रस्ता धरत्यात, तुझी गाडी नुसती शेपूट हलवती." ते म्हणायचे, "चारी चाकांवर म्हातारी बी पळवंल. मागच्या चाकांना गडी लागतो."

प्रसेनजीत हसायचा. "पाय दाबला, की टर्बो आधी झोपतो, मग एकदम जोराची लाथ घालतो. ती लाथ चार चाकांत वाटली, की चालवणाऱ्याच्या चुका झाकत्यात. दोनच चाकांवर आली, की उघड्या पडत्यात. एवढंच हाय बघा."

एवढ्यावर भागलं असतं तर! पण दोघांची पैज लागली. कागलच्या एमआयडीसीत एका बंद कारखान्याच्या आवारात दोन्ही गाड्या पळवायच्या, आणि दोन्ही एकाच माणसानं. तो माणूस प्रसेनजीत. ज्याची हरंल तो म्हणणार, मिस्त्रीनं हात आखडला. आणि मिस्त्री लबाड म्हटल्यावर गॅरेजला कोण येतंय? गिऱ्हाईक सगळं ह्या दोघांच्याच बैठकीतलं. शेवटी म्हणाला, "घड्याळ गुंडूदाच्या हातात द्या. तर येतो."

पैजेच्या दिवशी मी सकाळीच पोचलो. धैर्यशीलराव एकटेच आलेले. "गुंड्या, माझी एक फेरी मोज. कुणाला बोलू नकोस." स्वतःच्या गाडीत त्यांना लागलं एक मिनिट तेरा सेकंद. घड्याळात नोंद राहिली.

मग बाकीची मंडळी जमली. प्रसेनजीत आधी धैर्यशीलरावांच्याच गाडीत बसला. एक मिनिट सात. मालकापेक्षा सहा सेकंद कमी! आयला, काय चालवली! मग अमरसिंहदादांची. ती त्यानं वळणात गाभण म्हशीगत सांभाळली, नाक सरळ होईतोवर पाय आवरला, आणि मग दिली सोडून. एक मिनिट सहा.

अमरसिंहदादांनी शिट्टी घातली. धैर्यशीलराव लालबुंद. "माझ्या गाडीत मुद्दाम पाय उचललास तू! तुम्हा लोकांवर विश्वास टाकला, हीच माझी चूक."

प्रसेनजीतचा चेहरा उतरला. तो माझ्याकडं वळला. "गुंडूदा, मी बसलो तवा टायर गरम हुते. म्हंजे ह्यांनी आधी फेरी मारलीया. ह्यांचा टायम सांगा की, मग कळंल मी पाय उचलला का."

माझ्या लेथवरचं निम्मं काम धैर्यशीलरावांच्या कारखान्याचं. ते माझ्याकडं रोखून बघत हुते. मी म्हटलं, "न्हाय बा. मी कुठं काय मोजलंय?" आणि बटण दाबून नोंद पुसून टाकली. थू माझ्या जिंदगानीवर.

अमरसिंहदादांनी बी तोंड उघडलं न्हाय. मिस्त्रीच्या हातानं जिंकलं म्हटलं, तर माझी गाडी जिंकली असं कसं सांगणार?

दिवाळीच्या आत गॅरेजला कुलूप पडलं. आता प्रसेनजीत त्याच एमआयडीसीत कामगारांची बस चालवतो. परवा मी रस्त्याच्या कडंला उभा हुतो, त्यानं बस थांबवली. मी चढलो. आता शिव्या घालील म्हणून मान खाली घालून बसलो. त्यानं घातल्या न्हाईत. गिअर टाकत नुसतं विचारलं, "लेथचं काम टिकलं न्हवं, गुंडूदा?"

"व्हय," मी म्हटलं. टिकलं हुतं.