टीव्हीपुढचा नारळ

लोहारा गावातल्या आमच्या बारमध्ये भिंतीएवढा टीव्ही आहे. भारताची मॅच असली की त्याच्यापुढे नारळ फोडायचा, ही रीत मीच पाडली. बार माझ्या नावावर, चालवतो पोरगा. त्या दिवशीही नारळ मीच फोडला. पाणी गुळगुळीत फरशीवर सांडलं, पुसायचं राहिलं, आणि एक रिटायर्ड मास्तर त्यावरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. बिचारे मॅचसाठी यायचे आणि नुसता सोडा प्यायचे.

गिऱ्हाइकाला इजा झाली तर भरपाई मिळावी म्हणून आम्ही विमा काढलेला. मला वाटलं, चला, मास्तरांचं ऑपरेशन तरी निभेल. पण एजंट आला तो कागद लिहूनच घेऊन: गिऱ्हाईक दारूच्या नशेत पडलं.

"काकू, फरशी ओली होती म्हनलं तं चूक तुमची ठरते, विम्याचा हप्ता वाढते. नशेत म्हना, भरपाईचं झंझटच नाही. करा सही."

"अरे बाप्पा, मास्तर तं सोडा पेते!"

पोरगा म्हणाला, "माय, बारमधी बसून सोडा पेते, हे कोन मानते?" अन् दोघंही हसले.

त्या हसण्याची मला शिसारी आली. दारू विकून पोट भरणारे आम्ही, आणि थेंबालाही न शिवलेल्या माणसाला दारुडा ठरवायचं, तेही माझ्या सहीनं!

तो कागद मी फाडला. दुसऱ्यावर माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं की नारळ मी फोडला, पाणी पुसलं नाही, मास्तर शुद्धीत होते. खाली सही केली. कागद एजंटच्या हातात ठेवला.