बायपासचा वळसा

"त्यांना विचारलं का?" असं म्हणून मॅडम चष्मा डोक्यावर सरकवायच्या आणि उत्तराची वाट बघत उभ्या राहायच्या. समोर विद्यार्थी असो, प्राचार्य असोत की वर्गणी मागायला आलेलं मंडळ, प्रश्न तोच. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर ते किती डोकं उठवतं हे मी सांगायला नको.

आमच्या कॉलेजात त्या समाजशास्त्र शिकवायच्या, तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनमध्ये बोलावलं तर प्राध्यापक, नाही तर घरी. मी त्याच विभागात, पण कायम नोकरीत. तासिकावाल्यांनी जपून बोलावं अशी आमच्या स्टाफरूमची रीत. ती या बाईंना कुणी शिकवलीच नव्हती. राहायला पुंडलिकनगरात, पण मूळच्या चितेगावच्या. राग आला की चितेगाव जिभेवर यायचं.

एका हिवाळ्यात सेवा योजनेच्या पोरांनी कॉलेजमागच्या वस्तीत ब्लँकेटं वाटायचं ठरवलं. बॅनर छापून झालं होतं, संस्थेचे अध्यक्ष येणार होते. मॅडमचा प्रश्न आलाच.

"त्यात काय विचारायचं मॅडम? थंडी आहे ना," एक पोरगा म्हणाला.

"तुला लई कळतं. चल, जाऊन विचारू."

पोरं गेली. मीही गेलो, खरं तर गंमत बघायला. एका आजीनं सगळ्यांना चहा दिला आणि म्हणाली, "गोधड्या हायेत लेकरांनो आमच्याकडं. ते तुमचं मागचं फाटक तेवढं उघडा. पोरी बायपासवरून शाळेला जात्यात. ट्रक कसे येतेत, बघितलंय का?"

वस्तीतल्या पोरी पूर्वी आमच्या मैदानातून सरळ शाळेत जात. मैदानाची शोभा जाते म्हणून आमच्याच संस्थेनं फाटकाला कुलूप ठोकलं होतं. कुलूपही आमचं आणि ब्लँकेटंही आमचीच! पोरांचे चेहरे पडले. मला त्यांचा अभिमान वाटला, कारण फोटोसाठी कुणीच मोबाईल काढला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मॅडम थेट माईकपाशी गेल्या. "साहेब, ब्लँकेट कुणालाच नको. फाटक उघडून द्या."

अध्यक्ष हसले. "बघू, बघू."

"बघायचं काय त्यात? कुलूप तुमचंच हाय."

नंतर प्राचार्यांनी त्यांना माझ्यासमोरच सुनावलं, "माफी मागा. नाही तर जूनमधलं बोलावणं विसरा."

"विसरले," त्या म्हणाल्या आणि तासाला गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी शाळेच्या पोरींबरोबर बायपासवरून चालू लागल्या. कुणाला 'या' म्हणाल्या नाहीत. आधी चार विद्यार्थी आले, मग जवळजवळ अर्धा वर्ग. ट्रकच्या बाजूला कॉलेजची पोरं, आतून शाळेच्या पोरी. रोज गाडीनं येणारी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, इथं भीती वाटते हो."

"वाटू दे. त्यांनाही वाटते."

जूनमध्ये मॅडमना बोलावलं नाही. बजाजनगरात शिकवण्या घेतात असं कानावर आलं. स्टाफरूममध्ये आता कुणी कुणाला अडचणीत टाकत नाही, आणि मला तिथं बसवत नाही. वाटलं, पोरांचं चालणंही आता थांबेल.

शाळा सुरू झाली त्या सकाळी माझ्या पहिल्या तासाला अर्धा वर्ग रिकामा होता. तास संपता संपता पोरं आली, घामाघूम, बुटांवर बायपासची धूळ. फाटक बंदच होतं.

प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. "ती बाई गेली ना? मग पोरांना आता फूस कोण लावतंय?"

त्या टेबलासमोर आजवर मी "हो सर" याखेरीज काही बोललो नव्हतो.

"मी लावतोय," मी म्हणालो.

ते खोटं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर घरीच ठेवली आणि वस्तीत जाऊन उभा राहिलो.